खच्चर-घोडे घेऊन हिमालयात कॅम्पिंग : इंदूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत ट्रेकिंगची आवड हल्ली खूप वाढलीय, राजेंद्रनगर-लोकमान्यनगर बाजूला तर कोणी ना कोणी हिमालयात जाऊन आलेलं सापडतंच, पण बहुतेक जण कंपनीच्या ग्रुपबरोबर जातात, तंबू लावलेला मिळतो, गरम जेवण मिळतं आणि सामान कोणाच्या पाठीवरून वर आलं ते बघायचं राहूनच जातं. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना चार-पाच जणांचा घरचा ग्रुप करून, तिथल्या गावातूनच खच्चर आणि खच्चरवाला ठरवून, आपल्या मनाने जायचंय. गुडघे दुखतात म्हणून पाठीवर सॅक नको, बरोबर शाळेतली मुलं आहेत, किंवा साठीचे काका-काकू आहेत, अशांना तर हा प्रकार फारच सोयीचा.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. खच्चर केलं म्हणजे सामान कितीही न्या असं नसतं. सकाळी किती वाजता निघायचं, किती चालायचं, तंबू कुठे टाकायचा, काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं, हे सगळं त्या जनावराला काय झेपतं आणि त्याला चारा-पाणी कुठे मिळतं यावर ठरतं. ज्या ग्रुपला हे समजत नाही त्यांचं घोडं तिथेच पेंड खातं, दुसऱ्या दिवशीच खच्चरवाल्याशी वाद आणि चौथ्या दिवशी जनावराची पाठ सोललेली. म्हणून प्लॅनिंग जनावरापासून सुरू करायचं आणि आपल्यापर्यंत यायचं.

खच्चर का, घोडा का नाही

बाप गाढव आणि आई घोडी, त्यांचं पिल्लू म्हणजे खच्चर. त्याला स्वतःला पुढे पिल्लं होत नाहीत. घोड्यापेक्षा खूर लहान आणि कडक, चाऱ्याचे नखरे कमी, आणि अरुंद वाटेवर पाय टाकायची अक्कल जास्त. खच्चर अडलं की लोक त्याला हट्टी म्हणून मोकळे होतात, पण बहुतेक वेळा त्याला पुढची वाट, लाकडी पूल किंवा ओला दगड बरा वाटत नसतो म्हणून ते थांबलेलं असतं. अशा वेळी मागून ओरडायचं नाही, काठीने ढोसायचं नाही, खच्चरवाला पुढे जाऊन बघेपर्यंत गप उभं राहायचं. आपल्याकडे होळकरांच्या वेळेपासून कौतुक सगळं घोड्याचं, शिलेदार, बारगीर, भीमथडीची तट्टं, खच्चराला मात्र कोणी विचारत नाही. डोंगरात खरा मान त्याचाच.

घोडे नसतात असं नाही. काश्मीरमधे सोनमर्ग ते नारानागच्या सात-आठ दिवसांच्या तळ्यांच्या ट्रेकला बहुतेक सामान घोड्यांवरच जातं, लडाख आणि स्पीतीकडे झंस्कारी आणि स्पीती ही डोंगरातलीच छोटी, दमदार घोडी आहेत. पण पहिल्या ट्रिपला मी उत्तराखंड सांगेन, कारण भाषेची अडचण नाही, खच्चरवाले भरपूर, आणि वाटेत गावं आहेत, काही झालं तर माणूस सापडतो.

जागा आणि तारीख

पहिल्या वेळेला हर की दून. टोन्स नदीच्या वरच्या खोऱ्यातली ही दरी गोविंद अभयारण्यात येते, वाटेत गंगाड, ओसला ही लाकडी घरांची गावं आहेत, वर गेल्यावर समोर स्वर्गारोहिणीची शिखरं दिसतात. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरीला पोचायला गाडीने आख्खा दिवस जातो, अंतर दोनशे किमीच्या आसपासच आहे पण घाटाचा रस्ता आहे. नैटवाडला रुपिन आणि सुपिन मिळून टोन्स होते, तिथेच जंगलखात्याच्या नाक्यावर एंट्री होते, सगळ्यांचे आधार कार्ड आणि त्याच्या झेरॉक्स हाताशी ठेवा. सांकरीपासून तालुका हे गाव साधारण ११-१२ किमी, जीप जाते, आणि खच्चर लादून खरं चालणं तिथून सुरू होतं.

तारीख मे-जून किंवा मग सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमधे पहाडात दरडी कोसळतात, रस्ता बंद झाला की तुम्ही एकीकडे आणि सामान दुसरीकडे. इंदूरकरांना सोपं सांगायचं तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायच्या आणि दिवाळीच्या आत जाऊन यायचं. त्या बाजूची थेट रेल्वे इंदूर-उज्जैनहून रोज नसते आणि रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणून आधी तिकिटाची तारीख, मग खच्चरवाल्याशी फोनवर बोलणं, मग बाकी खरेदी, या क्रमाने चला.

मुक्काम कुठे करता येतो हे मात्र तिथे नाक्यावर विचारूनच ठरवायचं. २०१८ साली नैनीतालच्या हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला, तेव्हापासून कोणत्या जागेला परवानगी आहे ते जंगलखातं सांगतं. जुने व्हिडिओ बघून "इथेच तंबू लावू" असं घरी बसून ठरवू नका.

उंचीचा हिशोब, आणि जनावराला सुट्टी

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सांकरी १,९५० च्या आसपास, ओसला अडीच हजारावर आणि हर की दून साडेतीन हजारावर. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही असा साधा नियम आहे, म्हणून ओसल्याहून एका दमात वर जाऊन तिथेच झोपणं नवीन लोकांनी टाळावं. माझ्या मते चांगला बेत असा : पहिल्या दिवशी तालुक्याहून ओसल्याच्या बाजूला, दुसऱ्या दिवशी थोडंच चालून मधे कलकतियाधारच्या आसपास परवानगीच्या जागी, तिसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून फक्त छोटी बॅग घेऊन हर की दून बघून परत, चौथ्या दिवशी खाली गावात, पाचव्या दिवशी तालुका. यात तिसऱ्या दिवशी खच्चरांना आख्खी सुट्टी मिळते, चरायला मिळतं, पाठ मोकळी राहते, आणि तुमचंही शरीर उंचीला सरावतं. दोघांचं भलं एकाच बेतात होतंय तर तो सोडायचा कशाला.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं ही उंची लागल्याची पहिली लक्षणं, ती असताना आणखी वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी दम लागायला लागला किंवा माणूस बरळायला लागला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. उंची लागू नये म्हणून घेतात त्या डायमॉक्सच्या गोळ्या इंदूरहून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर हे त्यांना आवर्जून सांगा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बरेच वर्षांत घेतलं नसेल तर घेऊन टाका, घोड्या-खच्चरांच्या लिदीत त्याचे जंतू असतात आणि कॅम्पवर खरचटणं हे व्हायचंच.

खच्चरवाला कसा निवडायचा

सांकरीला पोचलात की लगेच सौदा करू नका. चहा घ्या, दोन-तीन जणांशी बोला, आणि मग म्हणा, भैजी, जरा जनावरं बघू द्या. जो हसत हसत दाखवतो तो आपला माणूस. जो म्हणतो "सकाळी थेट तालुक्यालाच आणतो" त्याला सोडा.

बघायचं काय ते नीट सांगतो. लादणीची गादी काढायला सांगा आणि पाठ बघा, मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा, त्याच्या मागे दोन्ही बाजू, आणि पोटाखाली जिथे तंग, म्हणजे लादणीचा पट्टा, आवळतात ती जागा. ओली जखम, सोललेली कातडी, माशा बसलेल्या, असं काही दिसलं तर ते जनावर नको. पांढऱ्या केसांचे जुने ठिपके असतील तर तिथे पूर्वी जखम होऊन गेलीय, तेवढ्याने नाही म्हणायचं कारण नाही, पण आता लावायची गादी जाड आणि कोरडी आहे ना ते विचारा. मग जनावराला दहा पावलं चालवून दाखवायला सांगा, लंगडत नाही ना. नाल ढिली आहे का ते दगडावर चालताना आवाजावरूनही कळतं, खडखड येते. नाकातून घट्ट पिवळा स्राव, सतत खोकला, अंगावर गाठी, असलं जनावर कितीही स्वस्त मिळालं तरी नाही. ग्लँडर्स नावाचा घोडेवर्गाचा जिवाणूचा रोग माणसालाही होतो, त्याची लस नाही, आणि रोग निघाला तर कायद्याने जनावर मारावं लागतं, म्हणून त्याची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. मागायला लाजू नका, चांगले खच्चरवाले तो कागद प्लॅस्टिकमधे गुंडाळून खिशात घेऊनच फिरतात.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी, आणि कागदावर. रोजचा दर प्रति जनावर किती, सुट्टीच्या दिवसाचा किती, रिकामं परतायच्या दिवसाचे पैसे आहेत का, खच्चरवाल्याचं जेवण कोणाकडे, चंदी, म्हणजे जनावराचा दाण्याचा खुराक, कोणाची, जंगलखात्याची जनावराची फी कोण भरणार. एवढे सहा प्रश्न विचारले की परतताना कोणाचं तोंड वाकडं होत नाही. पुरोल्यानंतर एटीएमच्या भरवशावर राहू नका, कॅश देहरादूनलाच काढा. आणि दर पाडून घ्यायची इंदुरी सवय इथे जरा आवरा, कारण तुम्ही जे पैसे कमी कराल ते शेवटी जनावराच्या तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या खुराकाच्या पिशवीतून, कमी होतात.

वजन : सगळ्यात महत्त्वाचं

१९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांत ओझ्याच्या जनावरांची कमाल मर्यादा दिलीय, तट्टाला ७० किलो आणि खच्चराला २००. पण हा २०० चा आकडा वाचून कोणी खूश होऊ नका, ती वरची हद्द आहे, उंचावर, दगडी चढावर, पातळ हवेत खच्चराला साठ किलोच्या आसपास ठेवणं योग्य. त्याच नियमांत हेही आहे की जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. हे लक्षात ठेवून रोजचं अंतर ठरवा.

आता चार जणांचा हिशोब मांडून बघा. प्रत्येकाचं सामान आठ किलो म्हणजे ३२. स्लीपिंग बॅग आणि मॅट माणशी अडीच, म्हणजे १०. दोन तंबू ८. भांडी, कुकर, शेगडी, गॅस १८. रेशन, तुम्ही चौघं आणि बरोबर खच्चरवाला आणि गाईड-कम-कुक, सहा जण, माणशी रोजचं ८०० ग्रॅम धरून पाच दिवसांचं २४. त्या दोघांचं अंथरूण-पांघरूण आणि कपडे १०. झाले १०२. आणि जे सगळे विसरतात ते, खच्चरांची स्वतःची चंदी, म्हणजे चणा, जव, चोकर, एका जनावराला रोज दोन किलो तरी, दोन जनावरांचं पाच दिवसांचं २०. एकूण १२२, दोन खच्चरांवर ६१-६१. बसलं. आता यात कोणी फोल्डिंग खुर्च्या, ब्लूटूथ स्पीकर, दुसरी जीन्स, आणि "असू दे, लागेल" म्हणून पाच किलोची खोगीरभरती केली की तिसरं खच्चर लागतं नाहीतर दोघांच्या पाठीवर अन्याय होतो. आठ किलो म्हणजे आठ किलो. घरी वजनकाट्यावर बॅग ठेवून फोटो ग्रुपवर टाका, सगळ्यांनी टाकायचा, काकांनी पण.

आणि मोठ्या माणसाने वर बसून जायचं का, हा प्रश्न येतोच. जनावराच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा एवढंच ओझं त्याने न्यावं असं जगभर मानतात. डोंगरातलं लहान घोडं अडीचशे-तीनशे किलोचं, म्हणजे पन्नास-साठ किलो, आणि तेही खोगीर धरून. ऐंशी किलोच्या माणसाने हौसेसाठी बसू नये. पाय मुरगळला, मूल दमलं, अशा वेळेसाठी एक बसायचं घोडं बरोबर असलं तर फार आधार असतो, पण उतारावर तेव्हाही खाली उतरूनच चालायचं, उतारावर सगळा भार त्याच्या पुढच्या पायांवर येतो आणि तुम्ही पुढे घसरून पडू शकता ते वेगळंच.

इंदूरमधे करायची तयारी

खायचं सामान इथूनच न्या, सियागंजमधून एका फेरीत होतं. तिकडे वर काय चालतं तर मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, पोहे, गूळ-शेंगदाणे, खारवलेले काजू, आणि आपली सेव, ती तर पाहिजेच, जीरावनची पुडीही टाका, चौथ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यावर ती भुरभुरली की सगळ्यांचे चेहरे खुलतात. कुकर घ्याच, तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशाच्या आसपासच उकळायला लागतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. काचेच्या बरण्या नको, लोणचं प्लॅस्टिकच्या दुहेरी झाकणाच्या डब्यात, तूप घट्ट बंद.

एक हूकवाला छोटा वजनकाटा घ्या, ट्रॅव्हल बॅग मोजायचा असतो ना तो. आख्ख्या ट्रिपमधे याच्याएवढं उपयोगी दुसरं काही नाही, का ते पुढे येतंच.

बॅग म्हणाल तर गोल, मऊ, लांबट डफल. ट्रॉलीबॅग चालत नाही, पट्टे लोंबणारी मोठी रकसॅक पण नको, तिच्या आतली फ्रेम जनावराच्या बरगड्यांना टोचते. आत आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कपडे, कारण खच्चर ओढ्यातून जातं, पावसात उभं राहतं, कधी मधेच बसूनही घेतं.

चालायचा सराव महिनाभर आधी सुरू करा. रालामंडलची चढण आहे, महूच्या पुढे जानापाव आहे जिथून चंबळ निघते म्हणतात, रविवारी सकाळी चार किलोची बॅग घेऊन चढा-उतरा. उतरायचा सराव जास्त महत्त्वाचा, मांड्या तिथेच भरून येतात. आणि ज्यांनी आयुष्यात घोड्याला हात लावला नाही त्यांनी, मुलांनी तर नक्कीच, एखाद्या रायडिंग क्लबमधे किंवा ओळखीच्या घोडीवाल्याकडे जाऊन थोडा वेळ जवळ उभं राहून यावं, त्याला खरारा करताना बघावं, वास, उष्णता, शेपटीचा फटकारा, याची सवय झाली की वाटेवर भीती वाटत नाही. जनावराला अगदी नाकासमोरचं आणि बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूने, काहीतरी बोलत बोलत जवळ जायचं. कान मागे चपटे पाडले की तो राग आहे. मागून गेलात तर दुगाण्या झाडल्या म्हणून त्याला दोष देता येत नाही.

सकाळची लादणी

हे नीट बघा, आणि पहिल्या दिवशी तर मदतीला उभेच राहा. आधी खच्चरवाला पाठीवरून हात फिरवतो, वाळलेली माती, काड्या, काल रात्रीचं काही चिकटलेलं झाडतो, कारण गादीखाली राहिलेला एवढासा खडा संध्याकाळपर्यंत जखम करतो. मग घोंगडी, सुरकुती न ठेवता, थोडी पुढे टाकून मागे ओढायची म्हणजे केस सरळ बसतात. त्यावर जाड गादी, त्यावर पालाण, म्हणजे बोजा लटकवायचं खोगीर. मग तंग. आणि इथे गंमत बघण्यासारखी, खच्चर हुशार असतं, तंग आवळताना पोट फुगवून धरतं, म्हणून अनुभवी माणूस एकदा आवळतो, काहीतरी दुसरं काम करतो, आणि परत येऊन दोन बोटं जेमतेम जातील एवढं पुन्हा आवळतो. दहा-पंधरा मिनिटं चालून झाल्यावर तिसऱ्यांदा. ही तिसरी वेळ काही जण घाईत टाळतात, तुम्ही आठवण करा, प्रेमाने.

दोन बाजूंना दोन बोजे लटकतात आणि त्यांचं वजन सारखं पाहिजे, इथे तुमचा हूकवाला काटा बाहेर काढायचा. किलोभराच्या वर फरक नको. एक बाजू जड झाली की पालाण त्या बाजूला सरकतं, पाठीच्या एका जागी घासत राहतं, आणि कडेच्या वाटेवर जनावराचा तोल जातो. तंबू एका बाजूला आणि रेशन दुसऱ्या बाजूला असं ढोबळ ठेवू नका, रेशन रोज कमी होतं, म्हणून रोज सकाळी पुन्हा मोजायचं. जड सामान खाली आणि अंगालगत, हलकं वर. गॅसचं नळकांडं उभं, व्हॉल्व्हवर टोपी, आणि कपड्यांच्या बाजूला नाही. वर लटकणारे मग, किणकिणणारी ताटं, फडफडणारी ताडपत्री काही नको, सगळं घट्ट बांधा, वाऱ्याने फडफडलेल्या प्लॅस्टिकला बुजून शांत खच्चरही पळत सुटतं.

तुमच्या स्वतःच्या पाठीवर छोटी बॅग राहणारच, हे विसरू नका. त्यात पाणी, रेनकोट, एक गरम जॅकेट, हेडलँप, औषधं, दुपारचं खाणं, कॅश आणि आधार. खच्चर तुमच्यापेक्षा भराभर चालतं किंवा कुठे अडकतं, संध्याकाळपर्यंत तुमची मोठी बॅग तुम्हाला दिसेलच याची खात्री नसते.

वाटेवर

समोरून किंवा मागून घंट्यांचा आवाज आला की लगेच डोंगराच्या बाजूला सरकून भिंतीला टेकून उभं राहायचं. डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला कधीही नाही. मुलांना हे घरूनच पाठ करवून घ्या. बोजा दोन्हीकडे हात-दीड हात बाहेर आलेला असतो, जनावराला त्याचा अंदाज नसतो, जरा धक्का लागला आणि तुम्ही दरीकडच्या कडेला असलात तर धरायला काही नाही. स्टिक खाली धरा, हलवू नका, आणि खच्चर जवळ असताना पोंचो झटकून अंगात घालू नका.

लाकडी पुलावर एका वेळी एकच जनावर, तुम्ही ते पार गेल्यावर. सेल्फी नंतर.

पाणी दिसलं की जनावराला पिऊ द्या, दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं त्याला, पाच मिनिटं थांबण्याने तुमचं काही जात नाही. आणि लाडाने काहीही भरवू नका, पोळ्या, बिस्किटं, उरलेला भात, सेव तर अजिबातच नाही. घोडा-खच्चराला उलटी होत नाही, पोटात गेलेलं बाधलं तर बाहेर काढायचा रस्ताच नाही, आणि पोटशूळाने डोंगरात जनावर दगावतं. पोटाकडे वळून वळून बघणं, जमीन उकरणं, सारखं लोळणं, चारा सोडणं, यातलं काही दिसलं तर खच्चरवाल्याला लगेच सांगा, आणि तो म्हणाला आज पुढे नाही जायचं तर नाही जायचं. त्या दिवशीचा बेत गेला तर गेला.

कॅम्पवर

दुपारी तीन-साडेतीनपर्यंत पोचा, उजेडात. पोचल्यावर पहिलं काम तुमचा चहा नाही, जनावराचा बोजा उतरवणं. पालाण मात्र लगेच काढत नाहीत, तंग सैल करून थोडा वेळ तसंच ठेवतात, घामाने भिजलेल्या गरम पाठीला एकदम गार वारा लागू नये म्हणून. मग खरारा, पाणी, चारा, आणि तोबऱ्यात चंदी. तोपर्यंत तुम्ही तंबू लावा. तंबू ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, संडासचा खड्डा त्याहून लांब आणि खालच्या बाजूला, आणि जनावरं बांधायची जागा तुमच्या पिण्याच्या पाण्याच्या वर नको. रात्री त्यांच्या दोरांतून चालत जाऊ नका, टॉर्च एकदम डोळ्यांवर मारू नका. चंदीचं पोतं तोंड बांधून तंबूत, एखादं जनावर सुटून आख्खं पोतं फस्त करून बसलं तर तोही जीवघेणा प्रकार. रात्री सगळी एकदम फुरफुरायला लागली तर उठा आणि खच्चरवाल्याला उठवा, तिकडे अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत आणि जनावरांना ते आपल्या खूप आधी कळतं.

लिदीचे ढीग निघताना पसरवून टाका, लवकर वाळते. प्लॅस्टिकची एकही पिशवी मागे ठेवू नका, चरणारं जनावर ती गिळतं. आपण स्वच्छतेत नंबर लावणाऱ्या शहरातून जातोय, सुका-ओला कचरा वेगळा करायची सवय अंगात आहे, मग वर तसंच वागायला काय हरकत आहे, सगळा सुका कचरा एका गोणीत भरून त्याच खच्चरावर खाली आणा, परतीला बोजा हलकाच असतो.

परतल्यावर

तालुक्याला पोचलात की पैसे तिथल्या तिथे, ठरले तेवढे पूर्ण, आणि काम चांगलं झालं असेल तर वर बक्षीस. बक्षीस दोन हातांत द्या, एक खच्चरवाल्याला आणि एक जो पोरगा मागून हाकत आला त्याला, तो बहुतेक विसरला जातो. उरलेलं रेशन, गूळ, डाळ, चहा-साखर, सगळं त्यांना देऊन टाका, घरी परत आणायचा खटाटोप करू नका. निघायच्या आधी गादी काढून पाठ पुन्हा एकदा बघा, पहिल्या दिवशी बघितली तशीच. जखम नसेल तर त्या माणसाचा नंबर नीट सेव्ह करून ठेवा, गावाच्या नावासकट, आणि पुढच्या ग्रुपला तोच द्या. जखम झाली असेल तर औषधाचे पैसे आणि त्या जनावराला विश्रांतीचे जेवढे दिवस लागतील त्याचं काहीतरी तुमच्याकडून द्या, ते ओझं तुमचं होतं.